पन्हळीतली तुमची हातभर जागा

आक्का, आज दुपारी पाऊस जरा उघडला आणि मी एकटीच छपरावर चढले. शिडी धरायला कोणाला बोलावलं नाही. सुतकात कोणी छपरावर चढतं का, म्हणून हे खालून ओरडत होते. आजूबाजूच्या बाया अंगणात येऊन वर बघत होत्या. चार माणसांसमोर मी कधी उलट बोलले नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आजही बोलले नाही. नुसती चढले.

उद्या तुमचा दहावा. अग्नी यांनी दिला, कारण संतोष चाकणहून निघून पोचेपर्यंत थांबता आलं नाही. पाऊसच तसा होता आणि धरणाच्या कडेच्या रस्त्यावर दरड आली होती. पण उद्या पाणी सोडायला कोण बसणार, यावरून घरात सगळ्यांची तोंडं उतरली आहेत. तुम्ही सगळ्यांदेखत सांगून ठेवलं आहे की माझ्यामागं महाळुंग्याचा भाचा बसेल, संत्यानं बसायचं नाही. दीर म्हणून हे तुमचा शब्द खाली पडू देत नाहीत. आणि संतोष आल्यापासून धड जेवलेला नाही. माझ्या पोटचा असला तरी तो तुमच्या मांडीवर वाढला. काल चुलीपाशी येऊन बसला आणि म्हणाला, "आई, मोठ्या आईनं मला कधी आपलं मानलंच न्हाई का गं? मग मी तिचा कोण व्हतो?"

मी भाकरी उलटत राहिले. कारण मला माहीत आहे. फक्त मलाच माहीत आहे, आणि कोणाला सांगू नको असं तुम्ही मला बजावलं होतं.

धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा खालचं घर उतरवून आपण वर आलो. तुळया, वासे, दारं, कौलं, सगळं डोक्यावरून वाहिलं. त्याच वेळी दोघा भावांच्या चुली वेगळ्या झाल्या. तुम्ही थोरली जाऊ, मी धाकटी. खालच्या घरात एका ताटलीत मीठमिरची घेऊन जेवणाऱ्या आपण दोघी, वर आल्यावर दोन दारांच्या झालो. लाकूड काही दोन घरांना पुरेना. म्हणून मध्ये एकच भिंत घातली आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन छपरं टाकली. दोन्ही छपरांचं निम्मं निम्मं पाणी त्या मधल्या भिंतीवरच येणार, म्हणून तिच्या माथ्यावर पत्र्याची पन्हळ बसवली. पत्रा घोडेगावहून आणला होता. दादा, म्हणजे तुमचे मालक, फार सरळ माणूस. त्यांनी पन्हळ मध्यावर थोडी उंच ठेवायला लावली आणि दोन्हीकडे उतार दिला. पुढच्या टोकाचं पाणी तुमच्या पिंपात, मागच्या टोकाचं आमच्या. गवंडी हसला होता.

"राव, ढगाची पण वाटणी करून घ्या की मग."

"ढग भावकीचा न्हाई," दादा म्हणाले. "त्याची नको. पडल्यालं तेवढं वाटू."

पहिल्या वर्षी पन्हळीतला गाळ काढायला हे चढले आणि चार पावलांत कौलं कडाकडा मोडली. तुम्ही खालून कपाळावर हात मारून घेतलात. "भावजी, उतरा खाली. ऱ्हायला घर ठिवा आमाला." तेव्हापासून ते काम आपल्या दोघींचं झालं. आपण अंगानं हलक्या, पाय कुठं ठेवायचा ते कळायचं. कौलाच्या मध्यावर पाय द्यायचा नाही, खाली वासा असेल तिथं द्यायचा, हे तुम्ही मला शिकवलं. आधी मी तुमची शिडी धरायची. तुम्ही पुढच्या अंगानं चढलात की मी वळसा घालून मागं जायची आणि गोठ्याच्या भिंतीवरून वर यायची. तुमच्याकडे खुरपं आणि खराटा, माझ्याकडे करवंटी आणि खराटा, दोघींकडे एकेक घमेलं. मृगाच्या आधी एकदा आणि भातलावणी उरकून श्रावणात उघडीप मिळाली की एकदा. उंबराची कुजलेली पानं, शेवाळ, कौलांचा चुरा, चिमण्यांच्या घरट्यातलं गवत, माकडांनी कुठून कुठून आणून टाकलेलं काहीबाही. सगळं काळं होऊन बसलेलं असायचं. आपापल्या टोकाकडे ओढायचं, दुसरीकडे लोटायचं नाही, एवढाच नियम. तो गाळ तुम्ही दोडक्याच्या वेलाला घालायचात. तुमच्या दोडक्यासारखा दोडका वाडीत कोणाकडे लागला नाही.

ओढत ओढत आपण मध्यावर भेटायचो. दोन्ही बाजूंना छपरं चढत गेलेली, मधल्या खोलगटात आपण दोघी. खालून आपण कोणाला दिसायचो नाही. ना यांना, ना शेजारणींना. वर फक्त आभाळ. तिथं बसून तुम्ही कमरेची पिशवी सोडायचात, पान खायचात, आणि मी बोलायची. का कोण जाणे, खाली माझ्या तोंडून शब्द निघत नसे. बाजारात भाजीचा भाव विचारायची मला लाज वाटायची. तिथं मात्र मी किती बोलायची. माहेरचं, सासूबाईंचं, अंगावरच्या दुखण्याचं, भीतीचं. तुम्ही एकदा म्हणालात, "इंदे, खाली तू मुकी. वर आली की रेडू सुरू." मी लाजून गप्प झाले तर मला खराट्यानं ढोसलंत. "आगं बंद नको करू. म्या बॅटरीचं पैसं न्हाई मागत."

उतरायच्या आधी तुम्ही मध्यावर कळशीभर पाणी ओतायचात. ते दोन्हीकडे फुटून जायचं. तुम्ही तुमच्या टोकाला बघायचात, मी माझ्या. "आलं का?" "आलं." "किती आलं?" "तुमच्यापेक्षा जास्त." मग तुम्ही म्हणायचात, "जाऊ दे, धाकटीला जास्त लागतं." आक्का, आज मी पाणी ओतलं तेव्हा आलं का म्हणून विचारणारं कोणी नव्हतं. मी ओतलं आणि आधी एका टोकाला जाऊन बघितलं, मग दुसऱ्या टोकाला. तोवर ते वाहून गेलेलं.

पिंपळ आपल्याला दोघींना एकाच दिवशी दिसला. बरोबर मध्यावर, पत्र्याचा सांधा होता त्याच्या खालून, भिंतीतून आलेला. दोन पानं, तांबूस, बोटाएवढी. पाखराच्या विष्ठेतून बी पडलं असणार. मी हात लावणार होते, तुम्ही माझं मनगट धरलंत. "पिंपळ हाय." मी हात मागं घेतला. पिंपळ उपटला तर वंशाला लागतं, हे आपल्याला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. दोघी त्याच्या पाया पडलो आणि त्याच्या भोवतीनं गाळ खरडून घेतला. पुढच्या वर्षी तो वीतभर झाला. तेव्हाही तसंच केलं, पाया पडून बाजूनं खरडलं. त्याच्या बुडाला माती जमू लागली, तर ती सुद्धा आपण काढली नाही. त्याचं घर उघडं पडेल म्हणून.

आता लिहिताना वाटतं, आपल्यासारख्या आपणच. घराच्या माथ्यावर झाड वाढवत होतो आणि त्याला नमस्कार करत होतो.

मग मधली भिंत ओली धरू लागली. तुमच्या बाजूला भाताच्या कणगीला बुरशी आली. माझ्या बाजूला भिंतीचा पोपडा सुटला. यांनी दादांना म्हटलं, दादांनी यांना म्हटलं. गुरवाला विचारू, पूजा घालू, माती धरून अलगद काढू आणि देवळापाशी लावू, असं ठरलं. पण मूळ भिंतीत कुठवर गेलं होतं कोणाला माहीत. अलगद निघणारच नव्हतं. नुसतं ठरत राहिलं. त्या पावसात माझ्या खोलीतली भिंत फुगून पोटाला आली. तिच्याखालीच संतोषचं अंथरूण होतं. त्याला त्या वर्षी सारखा ताप यायचा, तो तिथून उठायचाच नाही.

तुम्ही त्याला बघायला आलात. पेज घेऊन आला होतात. त्याच्या उशाशी बसलात, भिंतीवर हात फिरवलात आणि पेज तशीच ठेवून उठलात. मी मागोमाग अंगणात आले. तुम्ही शिडी लावलीत. मी धरली. तुम्ही वर गेलात आणि मी नेहमीसारखी वळसा घालून मागून चढले. मध्यावर पोचले तोवर तुम्ही तो उपटलेला होता. मूळ निघालं नव्हतं म्हणून खुरप्यानं तोडत होतात. पांढरा चीक तुमच्या मनगटापर्यंत आला होता.

"आक्का, काय केलंत हो?"

"काय केलं? भिताड पोराच्या अंगावर पडू द्यायचं व्हतं?"

"पण…"

"मला काय व्हायचंय, इंदे? हाय कोण माझ्यामागं?"

तेव्हा तुमचं वय काही गेलं नव्हतं. तुम्ही अजून सोमवार धरत होतात. अजून कोणी नवस सांगितला की करत होतात. ते सगळं त्या एका वाक्यात तुम्ही खुरप्यानं तोडून टाकलंत आणि मला म्हणालात, "मीठ आण घरातनं. भोकात भरू." मी मीठ आणायला उतरले. तुमच्याशी बोलायला मला तेव्हा शब्द सापडला नाही. आज एवढं लिहिते आहे, तरी त्या जागी घालायला शब्द सापडत नाही.

त्यानंतर गोणपाटाची चिंधी आणि डांबर घालून आपण तो सांधा बंद केला. भिंत बांधून घेतली. संतोषचा ताप उतरला. पण भिंतीतलं मूळ काही मेलं नाही. दरवर्षी सांध्यातून एखादा कोंब डोकं काढायचाच. तेव्हापासून तुम्ही नवा नियम केलात. "इंदे, तू हातभर अलीकडंच थांब. मधली जागा माझी." मी थांबायची. तुम्ही माझ्याकडे पाठ करून काहीतरी खुडायचात आणि कमरेच्या पिशवीत टाकायचात. ते कुठं नेऊन टाकायचात, मी कधी विचारलं नाही. संतोष मोठा झाला, हौसेनं छपरावर चढू बघायचा, तर तुम्ही काठी घेऊन मागं लागायचात. "उतर, मुडद्या! तंगड मोडंल." सगळ्या वाडीची पोरं छपरावर चढायची, एक त्यालाच तुम्ही चढू दिलं नाही. तेही त्यानं मनात धरलं आहे. काल तेही बोलून दाखवलं.

दादा गेले. वर्ष उलटल्यावर यांनी चार भावकीतली माणसं बसवून तुमच्यासमोर विषय काढला. चांगल्या मनानं काढला.

"वहिनी, संत्याला तुमच्या मांडीवर देतो. तुमच्या नावाचा करू. तुमच्यामागं कोनी तरी पायजे."

मी दाराआड उभी होते. मला वाटलं तुम्ही रडाल. तुम्ही पदर खोचलात आणि म्हणालात, "मला कुनाचं पोर नको. न्हाई म्हंजे न्हाई. पुन्ना हा इषय काढू नका." आणि उठून गेलात. माणसं मान खाली घालून बसली. दिवसभर ज्याला कडेवर घेऊन फिरलात, ज्याच्या तोंडात पहिला घास तुम्ही घातलात, तो कुनाचं पोर?

त्या दिवसापासून मी बोलायचं टाकलं. तुम्हीही विचारलं नाहीत. एका भिंतीच्या दोन बाजूंना आपण कितीतरी पावसाळे तसे काढले. पण पन्हळ काही थांबत नाही. मृग जवळ आला की तुम्ही शिडी लावायचात आणि अंगणात उभ्या राहायचात. मी यायची, शिडी धरायची, तुम्ही चढलात की मागं जायची. शब्द नाही. चढायला लागलात की मात्र तुमची बडबड सुरू व्हायची, माझ्याशी सोडून सगळ्यांशी.

"शिडे, नीट उभी ऱ्हा गं बाई. तुला धरनारी माणसं रुसल्यात."

मीही खराट्याला सांगायची, "खराट्या, तू आपलं काम कर. लोकांच्या नादी लागू नको."

"ऐकलंस का गं खुरप्या? खाली मुकी व्हती, आता खराट्यासंगं भांडती."

"खराट्या, त्यांना म्हणावं, खुरपं बाई नसतं."

"बया बया! चौथी शिकल्यालं मानूस हाय, खुरप्या. जपून बोल."

मला हसू यायचं आणि मी तोंड फिरवून पन्हळीत घालायची. तुम्हाला ते कळत होतं, मला माहीत आहे.

मग तो धामणीचा दिवस. वाळल्या पानांचा ढीग होता, मी करवंटी घातली आणि ढीग हलला. धामण, माझ्या हाताएवढी जाड. मी किंचाळले, "आक्का!" एवढ्या वर्षांनी तोंडातून तेच निघालं. तुम्ही मान वर करून बघितलंत आणि अगदी शांतपणे म्हणालात, "खराट्या, तिला सांग, धामण हाय. चावत न्हाई. गप बस म्हणावं जाग्यावर."

"खराट्याला कशाला सांगता? मला सांगा की!"

तुम्ही असं हसलात की तुम्हाला कौलं धरावी लागली. मीही हसले. हसता हसता रडले. धामण आपल्या दोघींना कंटाळून पलीकडच्या छपरावरून निघून गेली.

मग मी विचारलं. खाली मला ते कधीच विचारता आलं नसतं. "आक्का, माझं पोर तुमाला का नको व्हतं?"

तुमचं हसू गेलं. तुम्ही नखानं सांध्यावरचं डांबर उकरत बसलात.

"तुझं पोर नको, आसं कोन म्हनलं? आगं, पिंपळ म्या उपटलाय. त्याचं जे काय लागायचं ते माझ्या घराला लागंल. संत्या माझ्या नावाचा झाला की ते त्याच्यावर गेलं. माझ्यामागं पानी सोडाया बसला तरी गेलं. म्हनून त्याला माझ्यापासनं लांब ठिवलाय. मी मेल्यावर बी लांब ठिव."

"आसं काय नसतं, आक्का."

"नसतं?"

"नसतं."

"मग तू का न्हाई उपटलास?"

तुम्ही ते रागानं म्हणाला नव्हतात. खरंच विचारल्यासारखं विचारलंत. वाऱ्यानं उंबराची पानं नुकत्याच स्वच्छ केलेल्या पन्हळीत येऊन पडत होती. थोड्या वेळानं तुम्हीच माझ्या गुडघ्यावर हात ठेवलात. "मनाला लावून घेऊ नको. तुझ्या वटीत पोर व्हतं. तुझ्या जागी म्या असते तर म्या बी हात लावला नसता." आणि मग म्हणालात, "त्याला सांगू नको. पोरगं हेकट हाय. कळलं तर मुद्दाम करंल."

आपलं ते भांडण तिथंच राहिलं. त्यानंतर कितीदा वर भेटलो, हातभर अंतर ठेवून. मी म्हणायची तसं नसतं, तुम्ही म्हणायचात बरं. मी म्हणायची, त्याला वाईट वाटतं. तुम्ही म्हणायचात, वाटू दे, जित्ता तर हाय. पुढं मी कधी जिंकले नाही, कारण त्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

या श्रावणात तुम्ही अंथरूण धरलंत. मधल्या भिंतीला लागूनच तुमची खाट होती. वर चढायची वेळ निघून गेली होती आणि तुम्ही पडल्या पडल्या पन्हळ ऐकत होतात. "इंदे, म्होरलं टोक तुंबलंय. पानी भिंतीवरनं येतंय." मी बाहेर जाऊन बघितलं तर खरंच. मी म्हटलं, उद्या चढते. तुम्ही माझा पदर धरलात. त्यात ताकद नव्हती, तरी धरलात. "एकटी चढू नको. आन मधल्या जागंला हात लावू नको. औंदा ऱ्हाऊ दे." सूनबाई पेजेची वाटी घेऊन दारात उभी होती. तिच्या पोटाकडे बघितलंत आणि पुन्हा म्हणालात, "औंदा तर नकोच."

तिला सहावा चालू आहे, आक्का. तुम्ही गेलात त्या दिवशी पहिल्यांदा मला भीती वाटली ती तिचीच. मग स्वतःची लाज वाटली. तुम्हाला अंगणात निजवलेलं आणि मी मनात वंशाचा हिशोब करते आहे.

काल संतोषनं तसं विचारलं, आणि आज सकाळी हे म्हणाले, "भाच्याचा फोन आला व्हता. सकाळीच येतो म्हनला." संतोष उठून गोठ्यात जाऊन बसला. एवढा बाप्या माणूस, वासराच्या गळ्यात हात टाकून बसला होता. तेव्हा मी शिडी काढली.

तुमच्या बाजूनं चढले. तुमचंच खुरपं घेतलं. आधी पुढचं टोक मोकळं केलं, मग ओढत ओढत वर आले. हातभर अलीकडे थांबले. सवयच ती. मग आणखी पुढं गेले आणि तुमच्या जागेवर बसले. तिथून आपली दोन्ही अंगणं दिसत नाहीत, पण धरणाचं पाणी दिसतं. खालचं आपलं घर होतं त्या जागेवरचं. हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं.

कोंब होता. वीतभर, लाल लाल पानांचा. सांध्याचा पत्रा त्यानं उचलला होता. औंदा खुडायला कोणी नव्हतं ना. मी त्याच्या पाया पडले, तुम्हीही पडत असणार. मग दोन्ही हातांनी धरून उपटला. मुळापासून निघाला नाही, म्हणून खुरप्यानं जेवढं जाता येईल तेवढं आत जाऊन तोडलं. चीक बोटांवर आला. धुतला तरी जात नाही, काळा पडत चालला आहे.

आता माझ्याही हातानं झालं. मी तर संतोषची जन्म देणारी. लागायचं असेल तर आता माझ्याकडूनच लागेल, उद्या तो कुठं बसतो याची वाट ते बघणार नाही. मग त्याला तुमच्यापासून लांब ठेवून आपण काय राखतो आहोत? तुम्ही विचारलं होतं, तू का नाही उपटलास. तेव्हाचं उत्तर तुम्हीच देऊन टाकलंत. आजचं हे असं आहे. उशीर झाला, मला माहीत आहे.

खाली उतरले आणि गोठ्यात जाऊन संतोषला सगळं सांगितलं. सूनबाईलाही बोलावून घेतलं, तिच्यापासून लपवायचं नाही असं ठरवलं. मला एवढं बोलायची सवय नाही, मध्येमध्ये अडकत होते. संतोष ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "म्हणून मला चढू देत न्हवती व्हय ती?" आणि वासराच्या पाठीवर तोंड ठेवलं.

हे बाहेर उभे राहून ऐकत होते. त्यांना हे काहीच माहीत नव्हतं. डोळे पुसत आत आले आणि तरी म्हणाले, "पर वहिनींचा शब्द हाय."

"त्यांचा शब्द मी मोडते," मी म्हणाले. "भाच्याला सांगा, पावणा म्हणून या. बसंल आपला पोरगा."

हे गेले फोन करायला.

सूनबाईनं विचारलं, "आत्या, तुमाला भ्या न्हाई वाटत?" मी म्हटलं नाही. तिला दुसरं काय सांगणार? पण तुमच्याशी खोटं बोलत नाही. मला लई भीती वाटते, आक्का. पन्हळीत बसून तुम्हाला सांगायची तशी सांगते आहे. तिच्या पोटाची वाटते, त्याची वाटते. तरी मी उद्या सकाळी त्याच्या हातात पंचा देऊन त्याला नदीवर पाठवणार आहे. आयुष्यभर तुम्ही त्याला हाकललंत, काठी घेऊन हाकललंत. उद्या तो समोर येऊन बसेल तेव्हा हाकलू नका. ओंजळीतलं पाणी घ्या.